घर, होडी आणि ग्रामसभा

(किनाऱ्यावरच्या मच्छीमार वाडीतील प्रौढ साक्षरता वर्गापुढील भाषण)



तुम्ही आता वाचायला शिकलात. पाटी मागे पडली, पुस्तक हातात आले. फार चांगले झाले. पण वाचता येऊ लागले म्हणून चूल आपोआप पेटत नाही आणि होडी आपोआप सागरात जात नाही. मग या वाचण्याचा रोजच्या संसाराला उपयोग काय? त्याविषयी आज आपण चार गोष्टी बोलू.

आपल्या कोकण किनाऱ्यावर मासेमाराच्या घरात तीन कामे असतात. पहिले घरचे काम. दुसरे होडीचे काम. तिसरे गावचे काम, म्हणजे ग्रामपंचायतीचे. आपण ही तीन कामे वाटून टाकली आहेत. चूल बाईची, होडी बाप्याची आणि पंचायत पुढाऱ्याची. प्रत्येकाने आपापले बघावे, दुसऱ्यात डोके घालू नये, अशी आपली रीत पडली आहे.

ही वाटणी आपल्याला महाग पडते. कशी, ते सांगतो.

समुद्राचे घड्याळ

शेतकऱ्याचा दिवस सूर्याबरोबर उगवतो. आपला दिवस भरती-ओहोटीबरोबर उगवतो. भरती दिवसातून दोनदा येते. पण आज जेव्हा आली, तेव्हाच उद्या येत नाही. रोज ती सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग असतो. हे तुम्हांला मी काय सांगावे! तुम्ही ते लहानपणापासून जाणता.

पण शाळेची घंटा भरती बघून वाजत नाही. नळाला पाणी भरती बघून येत नाही. ग्रामपंचायतीचे कार्यालय ओहोटी बघून उघडत नाही. त्यांचे घड्याळ वेगळे, आपले वेगळे. या दोन घड्याळांच्या मध्ये घरची बाई सापडते.

तिचा दिवस बघा. होडी पहाटे लागणार असेल, तर तिला त्याआधी उठायला हवे. पाणी भरायचे. भाकरी थापायच्या. मुलांना उठवून शाळेला धाडायचे. होडी लागली की मासळी निवडायची. मोठी वेगळी, बारीक वेगळी. विकायची ती टोपलीत घालायची, सुकवायची ती मीठ लावून पसरायची. मग टोपली घेऊन बाजार गाठायचा. परत आल्यावर पुन्हा पाणी, पुन्हा चूल.

आता ग्रामसभा दुपारी असली, तर ही बाई कुठे असते? बाजारात असते. तिचा नवरा कुठे असतो? पाण्यावर असतो, नाहीतर रात्रभर जागून आल्यामुळे झोपलेला असतो. मग सभेला कोण जाते? ज्यांना वेळ असतो ते जातात. आणि जे जातात, ते ठरवतात.

जागा कुणाची?

एक उदाहरण घेऊ. समजा, ग्रामसभेपुढे विषय आला. किनाऱ्यावर मोकळी जागा पडली आहे, तिथे पाहुण्यांच्या गाड्या उभ्या करायला तळ करावा. सभेला दुकानदार आले, खानावळवाले आले. त्यांचा धंदा वाढेल, म्हणून त्यांनी हात वर केले. त्यात त्यांचे काही चुकले नाही. आपल्या पोटाचे बघायला ते आले होते.

पण ती जागा खरोखर मोकळी होती का? जेठ महिना आला की आपण होड्या कुठे ओढून ठेवतो? त्याच जागेत. जवळा कुठे सुकवतो? त्याच जागेत. जाळी कुठे पसरतो, फाटलेली कुठे शिवतो? त्याच जागेत. दुकानदाराला ती मोकळी दिसली, कारण सभेत तिच्या वतीने बोलायला कुणी उभे राहिले नाही.

कुणी म्हणेल, “पंचायतीच्या ठरावाने काय होते? किनाऱ्याची जमीन तर सरकारी!” खरे आहे. किनाऱ्याची जमीन बहुतेक ठिकाणी सरकारी असते. पंचायत तिची मालक नव्हे. किनाऱ्यावर काय बांधावे, काय बांधू नये, याचेही वेगळे कायदे आहेत. पण वरचे साहेब पहिले विचारतात, “गावाचे म्हणणे काय?” गावाचे म्हणणे म्हणजे ग्रामसभेचा ठराव. तो कागद आपल्या बाजूचा असला तर बोलायला बळ येते. विरुद्ध असला तर आधी तो कागद खोडण्यातच दिवस जातात.

आता तुम्हीच सांगा. होडी ओढायला जागा उरली नाही, तर हा प्रश्न होडीचा, घराचा की पंचायतीचा? तिन्ही एकच आहेत, नाही का?

होडीला काय हवे?

आता थोडे होडीविषयी बोलू. तुमच्यापुढे होडीविषयी बोलणे म्हणजे माशाला पोहायला शिकवणे. पण आज घरातल्या सर्वांनी ऐकावे म्हणून बोलतो.

लाकडी होडीला तीन शत्रू असतात. पहिला शत्रू लाकूड पोखरणारा किडा. तो शिरताना टाचणीच्या टोकाएवढे भोक पाडतो. आत गेला की तिथेच वाढतो आणि फळी खात सुटतो. वरून फळी ठणठणीत दिसते, आत चाळण झालेली असते. म्हणून होडी वर घेतली की फळीफळीवर हातोडी वाजवून बघावी. चांगली फळी खणखणीत वाजते. पोखरलेली फळी बद्द आवाज देते. तिथे टोचून बघावे आणि फळी बदलावी.

दुसरा शत्रू तळाला चिकटणारी शिंपल्यांसारखी खरखरीत पुटे. त्यांनी होडी जड होते आणि पाणी कापताना अडते. यंत्राच्या होडीला त्यामुळे तेल जास्त लागते. ही पुटे ओली असतानाच खरवडून काढावी. वाळली की दगडासारखी बसतात.

तिसरा शत्रू ऊन आणि पावसाचे पाणी. हे ऐकून नवल वाटेल. पण लाकूड पाण्यात फुगते, तेव्हा फळ्यांमधल्या फटी मिटतात. उन्हात सुकते, तेव्हा फटी उघडतात. म्हणून ओढलेली होडी उघड्यावर ठेवू नये. तिच्यावर माडाच्या झावळ्यांचे झाप घालावे. खाली ओंडके देऊन ती सारखी बसवावी, म्हणजे एका अंगावर भार येत नाही. बूच काढून ठेवावे. पावसाचे गोडे पाणी आत साचून राहिले तर लाकूड कुजते.

मग पाण्यात लोटण्याआधी फटीत कापूस ठासून बुजवणी करायची, राळ आणि तेल भरायचे, बाहेरून तेल चोपडायचे. आपले वाडवडील मुशीच्या काळजाचे तेल लावत. काही ठिकाणी काजूच्या टरफलाचे तेल लावत. आता बाजारचे रंग आले आहेत. काहीही लावा, पण लाकूड पुरते सुकल्यावर लावा. ओल्या फळीवर लावलेला रंग पुढल्या महिन्यात सुटतो.

आता फायबरच्या होड्या पुष्कळ झाल्या. त्यांना किडा लागत नाही. पण त्यांना चिरा पडतात. चीर बारीक असतानाच घासून, सुकवून, कापड आणि रसायन लावून भरावी. आत पाणी शिरू दिले तर पापुद्रे सुटू लागतात. बाहेर लावायचे यंत्र असेल, तर खाऱ्या पाण्यातून आल्यावर ते गोड्या पाण्याने धुऊन काढावे. मीठ लोखंडाला खाते.

या सगळ्याला पैसा लागतो. आपल्याकडे मासळीच्या पैशाचे वाटे करताना माणसांचा वाटा निघतो, तसा होडीचा वाटा निघतो, जाळ्याचा वाटा निघतो. जुन्या माणसांनी फार विचाराने ही रीत घातली. होडीसुद्धा खाते, हे त्यांना ठाऊक होते. पण आज होडीचा वाटा घरखर्चात मिसळून जातो. मग वैशाखात कापूस, तेल, खिळे आणायला उसनवारी करावी लागते. म्हणून होडीचा वाटा वेगळ्या डब्यात किंवा बँकेत वेगळ्या खात्यात ठेवा. आणि तो घरच्या बाईच्या हाती ठेवा. बाजारात मासळी विकून पैसे आणते ती. हिशोब तिला ठाऊक असतो.

होडी विसावते, बाई विसावत नाही

पावसाळ्यात समुद्र खवळतो. मासळीची वीण होण्याचे हेच दिवस. म्हणून आपल्या राज्यात यंत्राच्या होड्यांना मासेमारीची बंदी असते. २०२५ साली ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची होती. मग नारळी पौर्णिमेला नारळ वाहून आपण पुन्हा दर्याला लागतो.

या दिवसांत होडी किनाऱ्यावर विसावते. पुरुषालाही थोडा विसावा मिळतो. पण बाईचे काम काही किनाऱ्यावर ओढून ठेवता येत नाही. उलट वाढते. लाकडे ओली, कपडे सुकत नाहीत, मुले घरात, आणि मिळकत नाही.

एखाद्या घरात असे बोलणे होते :

“अहो, परवा बायकांची सभा आहे. त्यानंतर मोठी ग्रामसभा आहे. मी जाऊन येते.”

“तू गेलीस तर जेवणाचं काय? आणि पोरांकडे कोण बघणार?”

“तुम्ही आहात की घरी.”

“मी? मला जाळं शिवायचं आहे.”

“जाळं ओटीवर बसून शिवता ना? पोरं ओटीवरच खेळतात. भात मी चढवून जाते, तुम्ही उतरवा. आणि सभेत होडीच्या जागेचा विषय आहे. तो काय माझा एकटीचा?”

या बाईचे काय चुकले? काहीच नाही. भात उतरवल्याने पुरुषाचा मान जात नाही. आठ-आठ दिवस पाण्यावर राहणारे खलाशी होडीवर स्वतःच रांधून खातात. जो हात होडीवर कालवण करतो, तो घरी आला की लुळा पडतो काय?

आणि बाईने होडीकडे बघितले तर बिघडते काय? फटीत कापूस ठासायला, तळ खरवडायला, रंगाचा हिशोब ठेवायला घरातला कुणीही चालतो. मोठी मुले वही घेऊन खिळे मोजतील. म्हातारी माणसे सावलीत बसून दोर बघतील. कुठे झिजला आहे ते त्यांच्या बोटांना कळते.

कायदा काय म्हणतो?

आता ग्रामसभेचे नियम ऐका. हे नियम १९५८ सालच्या ग्रामपंचायत कायद्याखाली आहेत. पुढे त्यात वेळोवेळी भर पडली.

वर्षात निदान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत. सभेची नोटीस सात दिवस आधी लावली पाहिजे. गावच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. मग तो बाप्या असो की बाई, गरीब असो की श्रीमंत. नियमाच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. आणि २०११ पासून आपल्या राज्यात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखून ठेवल्या आहेत.

काही जण म्हणतात, “आपण गेलोच नाही तर माणसे भरणार नाहीत आणि सभा होणार नाही.” इथे आपण फसतो. सभेला मतदारांपैकी शेकडा १५ किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल, तेवढी माणसे लागतात. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब होते. पण तहकूब झालेली सभा पुन्हा भरली, की तिला माणसांची अट नसते. मग पाच-पंचवीस माणसेसुद्धा ठराव करू शकतात. म्हणून घरी बसल्याने ठराव थांबत नाही. तो आपल्यावाचून होतो, एवढेच.

सभेला जाताना आपला विषय कागदावर लिहून न्या. आधी अर्ज द्या आणि पोच घ्या. तारीख घालायला विसरू नका. सभेत दोन वाक्ये बोला, पण उभे राहून बोला. आणि ठराव झाला की विचारा, “वहीत काय लिहिलंत, ते वाचून दाखवा.” आता तुम्हांला वाचता येते. स्वतः बघा. बोललेले वाऱ्यावर जाते. लिहिलेले राहते.

आणखी एक गोष्ट. निवडणूक आली की आपल्या वाडीत दोन तट पडतात. पडोत. मत ज्याचे त्याचे असते. पण मत मोजून झाल्यावरही तट राहतात, हे वाईट. एका तटाचा माणूस दुसऱ्या तटाच्या माणसाची होडी ओढायला हात लावत नाही. होडी का एका घराने ओढली जाते? रापणीचा दोर का एका पक्षाने ओढला जातो? सगळ्यांनी मिळून जोर लावला तरच ओंडक्यावरून होडी सरकते. तुम्ही मत कुणालाही द्या. होडीला खांदा मात्र सगळ्यांनी द्या. ज्या वाडीत शेजारी शेजाऱ्याची होडी ओढत नाही, त्या वाडीचे ग्रामसभेत कोण ऐकणार?

वादळ आणि कागद

आपल्या किनाऱ्याने अलीकडे मोठी वादळे बघितली. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आले. २०२० साली ३ जूनला निसर्ग आले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. घरे पडली, माड मोडले, होड्या फुटल्या.

वादळ गेले की सरकारी माणूस पंचनाम्याला येतो. तो काय विचारतो? होडी कुणाच्या नावावर? नोंदणी कुठे आहे? परवाना आहे का? विमा आहे का? ज्याच्याकडे कागद असतो, त्याचे बोलणे पुढे जाते. ज्याचा कागद हरवला, ज्याच्या परवान्याची मुदत सरली, तो फुटलेल्या फळ्यांकडे बोट दाखवत उभा राहतो.

म्हणून होडीची डागडुजी कराल, त्याच आठवड्यात कागदांचीही डागडुजी करा. नोंदणी, परवाना, विमा, सोसायटीचे पुस्तक, सगळे बाहेर काढा. मुदत वाचा. फोनवर फोटो काढून ठेवा. मग सगळे कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरात उंच जागी ठेवा. ती जागा घरातल्या सर्वांना माहीत असू द्या. वादळ येते तेव्हा पुरुष घरी असेलच असे नाही. होडीवर रंगवलेला नंबरही रंग देताना पुसू नका, नीट पुन्हा काढा. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत १५५४ हा आकडा लिहून ठेवा. समुद्रात संकट आले तर तटरक्षक दलाला कळवण्याचा हा फोन आहे. होडीवरच्या माणसालाही आणि घरच्या माणसालाही तो पाठ असावा.

आजपासून काय करावे?

फार मोठे काही सांगत नाही. तीन गोष्टी करा.

पहिली गोष्ट. एक वही घ्या. तिच्यात एका पानावर होडीचे लिहा : कोणती फळी बदलली, किती खिळे लागले, तेल किती, पैसे किती, तारीख काय. दुसऱ्या पानावर घरचे लिहा : कुणी कोणते काम करायचे. तिसऱ्या पानावर गावचे लिहा : सभा कधी, अर्ज कशाचा, पोच मिळाली का. वही एकच ठेवा. घर, होडी आणि गाव तिच्यात शेजारी शेजारी दिसू द्या.

दुसरी गोष्ट. ग्रामसभेची नोटीस लागली की वाडीत ती मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांना अजून वाचता येत नाही, त्यांना ती ऐकू द्या. सभेची वेळ भरतीच्या किंवा बाजाराच्या वेळेवर येत असेल, तर वेळ बदलून मागा. दहा सह्यांचा अर्ज द्या. आता तुम्हांला सही येते. अंगठ्याची शाई पुसायची वेळ गेली.

तिसरी गोष्ट. प्रत्येक घरातून सभेला निदान एक माणूस जावे. एकदा बाप्या गेला तर पुढल्या वेळी बाई जावी. जो मागे राहील, त्याने चूल आणि मुले सांभाळावी. परत आलेल्याने काय ठरले ते जेवताना सगळ्यांना सांगावे.

होडीला भोक पडले की आपण विचारत नाही, हे कुणाच्या बाकाखाली आहे. ज्याच्या हाताला कापूस लागेल तो बुजवतो, बाकीचे पाणी उपसतात. घरातही तसेच करावे, गावातही तसेच करावे. येत्या ग्रामसभेची नोटीस कधी लागते, त्यावर आजपासून नजर ठेवा. ती तुमच्यापैकी कुणी आधी वाचली, ते मला पुढल्या वर्गात सांगा.